घराचे सरकारी अनुदान: नावावर घर नाही, हे कागदाला पटवताना

बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झालो तेव्हा वाटले होते, आता फायलींशी संबंध संपला. पण गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या घरी रविवारी सकाळी कोणी ना कोणी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन सोप्यावर बसलेले असते. नवीन लग्न झालेली जोडपी येतात, भाड्याच्या दोन खोल्यांत मुले वाढवणारे आईबाप येतात, कधी नवऱ्याच्या मागे एकटीने संसार ओढणारी एखादी बाई येते. पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘काका, आमकां कितें मेळटलें?’’ दुसराही ठरलेला: ‘‘दोन लाख सदुसष्ट हजार मिळतात, खरे ना?’’

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण त्या आकड्यावर लोक घराचा सगळा हिशेब मांडून बसतात. आता ते मिळत नाहीत. हा आकडा २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या जुन्या शहरी टप्प्यातला. तेव्हा वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पहिल्या ६ लाखांच्या कर्जावर ६.५ टक्के व्याजाची सवलत होती. वीस वर्षांच्या त्या सवलतीची आजच्या भावाने किंमत काढून जास्तीत जास्त २.६७ लाख रुपये एकदम कर्जखात्यात जमा होत. मध्यम उत्पन्न गटांसाठी ही सोय ३१ मार्च २०२१ ला बंद झाली, बाकीच्यांसाठी ३१ मार्च २०२२ ला. मोबाइलवर फिरणारे संदेश मात्र तेव्हापासून तसेच फिरत आहेत, आणि एखादा बिल्डरचा माणूसही फ्लॅट दाखवताना तो आकडा अजून तोंडावर फेकतो.

आज लागू आहे ती ‘प्रधानमंत्री आवास योजना – शहरी २.०’. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती ९ ऑगस्ट २०२४ ला मंजूर केली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी ती सुरू झाली. देशभरातल्या १ कोटी शहरी कुटुंबांपर्यंत पोचायचे तिचे उद्दिष्ट आहे. तिच्यात चार वाटा आहेत: स्वतःच्या जागेत घर बांधणाऱ्याला मदत, सरकार व बिल्डर यांच्या भागीदारीतून बांधलेली परवडणारी घरे, भाड्याची घरे, आणि गृहकर्जावरचे व्याज अनुदान. बाजारातला फ्लॅट किंवा घर कर्ज काढून विकत घेणाऱ्याचा संबंध मुख्यतः या चौथ्या वाटेशी येतो, म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो.

पैसे हातात येत नाहीत

‘अनुदान’ म्हटले की लोकांना वाटते, बचत खात्यात रक्कम पडेल आणि तिच्यातून बिल्डरचा हप्ता भागवता येईल. तसे होत नाही. व्याज अनुदान तुमच्या कर्जखात्यात जमा होते आणि तेवढी मुद्दल कमी होते. घर घेताना भरायची स्वतःची रक्कम, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकिलाचे पैसे, सगळे आधी तुम्हीच उभे करायचे असते. ज्याच्याकडे ही रक्कम नाही त्याने अनुदानाच्या भरवशावर विसार देऊ नये.

मर्यादा अशा. घराची किंमत ३५ लाखांपेक्षा जास्त नको. कर्ज २५ लाखांपेक्षा जास्त नको. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, १२० चौरस मीटरपर्यंत चालते. कर्ज मंजूर झाल्याची आणि उचलल्याची तारीख १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतरची हवी. त्याआधीचे कर्ज असेल तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका. घर नवे असो, दुसऱ्याकडून घेतलेले असो किंवा कर्ज काढून बांधलेले असो, तिन्ही चालतात. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के, तेही जास्तीत जास्त १२ वर्षांसाठी, असे हे अनुदान मोजतात. सगळे मिळून वरची मर्यादा १.८० लाख रुपये, आणि ती रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत येते.

पाच वर्षांनी भागले तर वर्षाला सरासरी ३६,००० रुपये. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो. तेव्हा मी कागद घेऊन त्यांना एक हिशेब करून दाखवतो. समजा, २० लाखांचे कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५६ रुपये. पहिल्या वर्षी तुम्ही बँकेला २ लाख ८ हजारांच्या वर भरता, पण त्यातून मुद्दल कमी होते फक्त चाळीसएक हजारांनी. बाकीचे सगळे व्याज. अशा वेळी बाहेरून ३६,००० रुपये थेट मुद्दलीत पडले, तर पहिल्या वर्षाची तुमची मुद्दल-फेड जवळजवळ दुप्पट झाली. सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलीत पडलेला रुपया पुढची सगळी वर्षे व्याज वाचवत राहतो. म्हणून अनुदान जमा झाल्यावर बँकेने ‘हप्ता कमी करू की मुदत?’ असे विचारले, तर घरखर्च अगदीच ओढाताणीचा नसल्यास मुदत कमी करून घ्या.

एक अट मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते. प्रत्येक हप्ता सुटताना कर्ज चालू असले पाहिजे आणि निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक असली पाहिजे. जहाजावरून आलेला भाऊ मदत करतो, बायकोचे दागिने मोडतात, भिशी लागते आणि माणूस उत्साहाने दोन वर्षांत अर्धे कर्ज फेडून टाकतो. मग उरलेले हप्ते येत नाहीत. कर्ज फेडणे चांगलेच, त्याला मी कधी अडवणार नाही. पण मोठी रक्कम भरण्याआधी हा हिशेब मांडून घ्या.

उत्पन्न कोणाचे मोजायचे

वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात, ३ ते ६ लाख अल्प उत्पन्न गटात, ६ ते ९ लाख मध्यम उत्पन्न गटात. ९ लाखांच्या वर गेलात की दार बंद. व्याज अनुदान तिन्ही गटांना आहे. बांधकामाची थेट मदत फक्त पहिल्या गटाला.

पण उत्पन्न एका माणसाचे मोजत नाहीत, कुटुंबाचे मोजतात, आणि इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुले. एवढेच. ही व्याख्या नीट लक्षात ठेवा, कारण पुढची अर्धी गुंतागुंत तिच्यातूनच सुटते किंवा वाढते. सासू-सासरे, लग्न झालेला भाऊ, विधवा आत्या एकाच चुलीवर जेवत असली तरी या योजनेपुरती ती वेगळी. उलट घरात अविवाहित मुलगा तारवटी असेल, वर्षातले आठ महिने जहाजावर असेल, तरी त्याची कमाई आई-वडिलांच्या कुटुंबात धरली जाते. आणि तिशी उलटलेला अविवाहित मुलगा स्वतःसाठी फ्लॅट बघत असेल, तर तो या व्याख्येने अजून आई-वडिलांच्या कुटुंबातच मोजला जातो. त्यांच्या नावावर पक्के घर असेल तर त्याचा अर्ज तिथेच अडतो.

नोकरदाराला पगारपत्रक, फॉर्म सोळा आणि आयकर विवरण पुरते. मासळी विकणारी, गाडा चालवणारी, हंगामात शॅकवर काम करणारी मंडळी मामलेदाराकडून उत्पन्नाचा दाखला घेतात. गोवा ऑनलाइनवरूनही त्यासाठी अर्ज करता येतो. दाखल्यावरचा आकडा आणि बँकेला कर्जासाठी दाखवलेले उत्पन्न यांत जमीन-अस्मानाचे अंतर ठेवू नका. अनुदानासाठी गरीब आणि कर्जासाठी सधन असा माणूस एकाच फायलीत बसत नाही.

‘पक्के घर नाही’ म्हणजे काय

आता मूळ गोष्ट. योजनेची सर्वांत मोठी अट अशी: नवरा, बायको किंवा अविवाहित मुले यांच्यापैकी कोणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्के घर नको. शिवाय गेल्या २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा पालिका-पंचायतीच्या कोणत्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. वाचायला ही ओळ सोपी वाटते. गोव्यात मात्र ती सिद्ध करणे हेच सगळ्यात कठीण काम आहे. इथे राहायला घर नसलेल्या माणसाचे नाव चार उताऱ्यांवर असू शकते, आणि चाळीस वर्षे एका घरात राहणाऱ्याचे नाव एकाही कागदावर नसू शकते.

पहिला प्रकार बघा. आजोबांचे मोठे घर, तीन पिढ्या, वाटणी कधी झालीच नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, ज्याला सगळे ‘वन-फोर्टीन’ म्हणतात, आजोबांचे किंवा सगळ्या चुलत्यांचे नाव. त्यातली एक खोली वडिलांच्या वाट्याला, तीही गळणारी. अशा घरातला मुलगा लग्नानंतर भाड्याने राहत असेल आणि त्याचे वडील हयात असतील, तर वडिलांचा हिस्सा वडिलांचा. मुलगा त्यांच्या ‘कुटुंबात’ नाही. त्याला मोकळ्या मनाने लिहिता येते की माझ्या नावावर घर नाही. वडील वारले असतील तर गोष्ट वेगळी होते.

वेगळी का होते, यासाठी गोव्याचा कायदा थोडा समजून घ्यावा लागतो. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी संहितेचा कायदा इथे १८७० पासून लागू झाला. त्यातले विवाह आणि वारसाचे मूळ तत्त्व आजही चालते. वारसाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात आहे. त्यानुसार मुलगा आणि मुलगी समान वारस. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे एकाला वारशाने मिळालेल्यातही दुसऱ्याचा अर्धा वाटा. आई किंवा वडील गेले की वारसाचा हक्क त्याच क्षणी उघडतो, उताऱ्यावर नाव चढो वा न चढो.

याचा एक फायदा आहे, तो आधी सांगतो. नव्या घराच्या मालकीत घरातल्या स्त्रीचे नाव असावे, एकटीचे किंवा नवऱ्याबरोबर, अशी योजनेची अपेक्षा आहे. बाहेरच्या राज्यांत यासाठी लोकांना समजवावे लागते. आपल्याकडे खरेदीखतात ‘आणि त्यांची पत्नी’ हे शब्द पिढ्यान्पिढ्या येत आले आहेत. तेव्हा ही अट आपल्याला नवीन नाही.

आणि एक अडचण आहे, तिच्यामुळेच मी हा लेख लिहायला बसलो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलत भावाची मुलगी आणि जावई फाइल घेऊन आले. दोघांचे मिळून उत्पन्न वर्षाला साडेसात लाखांच्या आत. कुर्टीत ३३ लाखांचा फ्लॅट पाहिलेला, कर्ज २० लाखांचे. जावयाचे वडील हयात, घर त्यांच्या नावावर, तिथे प्रश्न नाही. पण हिचे वडील, म्हणजे माझा चुलत भाऊ, वारलेला. डिचोलीकडचे त्यांचे घर अजून तिच्या आजोबांच्या नावावर. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमध्ये मालमत्तेची कोर्टातून वाटणी, झालेली नाही. घरात तिची आई आणि भाऊ राहतात. तिला कोणी तरी सांगितले होते, ‘‘सोपे आहे. सब-रजिस्ट्रारकडे जाऊन हक्कसोड कर भावाच्या नावे, मग तुझ्या नावावर काहीच राहत नाही. अनुदान पक्के.’’ ती तयारीने आली होती. मसुदा टाइप केलेला, फक्त सही बाकी.

मी तिला तो मसुदा पिशवीत परत ठेवायला सांगितला. १.८० लाखांसाठी, तेही पाच वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी येणाऱ्या, कोणत्याही मुलीने माहेरच्या मालमत्तेवरचा हक्क सोडू नये. देशातल्या इतर मुलींना समान हक्कासाठी दशकानुदशके वाट पाहावी लागली. गोव्यातल्या मुलीला तो दीडशे वर्षे आहे. भावावर माया असेल आणि तिला मनापासून हक्क सोडायचा असेल, तर तो तिचा निर्णय. तो अनुदानाच्या फायलीसाठी, एजंटाच्या सांगण्यावरून, घाईत होऊ नये. शिवाय अर्जाच्या आदल्या महिन्यात केलेली हक्कसोड तपासणाऱ्याच्या नजरेत भरतेच.

मग करायचे काय? जे आहे ते लिहायचे. अर्जाबरोबर स्वयंघोषणा द्यावी लागते. तिच्यात आपल्या ताब्यात पक्के घर नाही, पण अमुक सर्व्हे क्रमांकातल्या वडिलोपार्जित घरात न वाटलेला वारसाहक्क आहे, असे स्पष्ट नमूद करायचे. सोबत उतारा, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि शक्य असेल तर वकिलाचे एक पानी मत. अविभाजित हिस्सा म्हणजे ‘घर आहे’ की ‘नाही’, हे बँक आणि तिच्या वरची, दावे तपासणारी केंद्रीय नोडल संस्था फाइल बघून ठरवतील. लपवून मिळालेले अनुदान मात्र पुढे उघडे पडले तर वसूल होते, आणि खोट्या घोषणेची जबाबदारी सही करणाऱ्यावर राहते. मी नोकरीत असताना अशी एक फाइल पाहिली आहे. हप्ते नीट भरणारे कुटुंब, पण दुसऱ्या तालुक्यातले घर लिहिले नव्हते. पैसे परत मागण्याचे पत्र मला द्यावे लागले. त्या बाईचा चेहरा मी विसरलेलो नाही.

दुसरा प्रकार मुंडकारांचा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांना १९७५ च्या मुंडकार कायद्याने संरक्षण दिले. घराखालची जागा विकत घ्यायचा हक्कही दिला, गावात ३०० चौरस मीटरपर्यंत आणि पालिकेच्या हद्दीत २०० चौरस मीटरपर्यंत. ज्यांनी मामलेदाराकडे खरेदीचा आदेश आणि सनद घेतली, त्यांचे घर त्यांच्या नावावर आहे, ते लिहावेच लागेल. ज्यांचा दावा वर्षानुवर्षे चालू आहे त्यांची स्थिती अधांतरी, आणि अशांनी बाहेर फ्लॅट घेताना तो दावा सोडू नये, हेही सांगून ठेवतो. घरपट्टीची पावती आहे म्हणजे मालकी आहे, असे समजणारे पुष्कळ भेटतात. घरपट्टी किंवा करापुरता दिलेला ईएचएन घरक्रमांक मालकी सिद्ध करत नाही. कर भरला एवढेच त्यातून दिसते.

इथेच एक गल्लत दूर करतो. २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘माझे घर’ नावाने मोहीम सुरू केली. सरकारी किंवा कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, जमिनीवरची जुनी घरे कायदेशीर करून देण्याचा तो विषय आहे. घर विकत घ्यायला पैसे देणारी ती योजना नव्हे. नावांमुळे लोक एकाचे कागद दुसरीकडे घेऊन जातात.

घर शहरात आहे की गावात

शहरी योजनेचा लाभ शहरी क्षेत्रातल्या घरालाच मिळतो. वाक्य सोपे, पण गोव्यात शहर कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते? २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली. पण त्यातल्या ७० शहरांपैकी पालिका किंवा महापालिका असलेली फक्त १४. बाकीची ५६ जनगणनेपुरती शहरे. तिथे कारभार पंचायतीचा. पर्वरीत राहणाऱ्याला आपण शहरात राहतो यात शंका नसते, पण त्याचे घर पंचायतीत असते.

योजनेत वैधानिक, म्हणजे पालिका किंवा महापालिका असलेल्या, शहरांबरोबर अधिसूचित नियोजन क्षेत्रेही येतात, म्हणजे कायद्याने नेमलेल्या नियोजन व विकास प्राधिकरणाच्या कक्षेतला भाग. आपल्याकडे त्याला सगळे पीडीए म्हणतात. तेव्हा पंचायतीतला फ्लॅट आपोआप बाद होत नाही. विसार देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: घराचा सर्व्हे क्रमांक पीडीएच्या नियोजन क्षेत्रात येतो का, आणि बँकेच्या यादीत ते ठिकाण योजनेखाली दिसते का. उत्तर लेखी किंवा ईमेलवर घ्या.

किमतीचीही अडचण खरीच आहे. पणजी, पर्वरी, ताळगाव इथे ३५ लाखांत कुटुंबाला पुरेल असे घर शोधून दाखवा. फोंडा, कुडचडे, डिचोली, साखळी, वाळपई, कुंकळ्ळी या बाजूंना ही मर्यादा थोडी तरी अंगाला बसते. मग काहींना मोह होतो: करारात ३५ लाख दाखवू, बाकी ‘वेगळे’ देऊ. हे करू नका. रोखीने दिलेले पैसे पुढे कोणत्याही वादात तुमचे म्हणून सिद्ध होत नाहीत, आणि घर विकायच्या दिवशी तोच कमी आकडा तुमच्या गळ्यात येतो. ३५ लाखांची ही रेघ गोव्यासारख्या ठिकाणी अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्यासाठी योजना आखली त्यांना ती त्यांच्या कामाच्या ठिकाणापासून तासभर लांब ढकलते.

अर्ज कुठून कुठे जातो

शहरी २.० च्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज करता येतो, नाही तर नागरी सुविधा केंद्रातून किंवा थेट कर्ज देणाऱ्या बँकेतून. आधार क्रमांक घातला की मोबाइलवर ओटीपी येतो. म्हणून आधारला जोडलेला नंबर चालू असू द्या. कुटुंबातल्या सगळ्यांचे आधार लागतात, बँक खाते आधारला जोडलेले लागते.

व्याज अनुदानाच्या वाटेवर खरे काम बँकेचे आहे. ती कर्जाची आणि पात्रतेची तपासणी करते, दावा केंद्रीय नोडल संस्थेकडे पाठवते. नॅशनल हाउसिंग बँक, हुडको आणि स्टेट बँक या तीन संस्था ते काम बघतात. तिथे आधारवरून पाहतात की याच कुटुंबाने आधी कुठे लाभ घेतला आहे का. मंजुरी झाली की रक्कम बँकेकडे येते आणि बँक ती तुमच्या कर्जखात्यात टाकते. म्हणून कर्ज घ्यायच्या आधीच शाखेत विचारा: ‘‘तुम्ही या योजनेखाली दावे पाठवता का?’’ पाठवत नसेल तर चार दिवस दुसरीकडे फिरलेले बरे. अर्जाचा क्रमांक मिळाला की तो कागदावर लिहून ठेवा, मोबाइल बिघडतात.

फाइल अडते ती बहुतेक वेळा नावावर. आधारवर ‘नाईक’, शाळेच्या दाखल्यावर ‘नायक’. लग्नाआधीचे आडनाव पॅनवर, लग्नानंतरचे आधारवर. जुन्या जन्मनोंदीत पोर्तुगीज लिपीवळणाचे नाव. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडे करून फायलीच्या सुरुवातीलाच लावा, बँकेने मागायची वाट बघू नका. दुसरे अडते ते घराच्या कागदांवर: सनद (म्हणजे जमीन घरासाठी वापरायची परवानगी), बांधकाम परवाना, पूर्णत्वाचा आणि वापराचा दाखला. प्रकल्प ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा असेल तर त्याची रेरामध्ये, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते. ती गोवा रेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. अनुदान मिळो न मिळो, हे बघायलाच हवे.

मंजुरी मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस दारात आला तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. कोणत्याही एजंटाच्या हातात मंजुरी नाही.

स्वतःच्या जागेत बांधणाऱ्यांसाठी

थोडक्यात सांगतो, कारण हा वेगळा विषय आहे. शहरी भागात स्वतःची जागा आणि ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल, तर घर बांधायला २.५० लाखांपर्यंत मदत मिळते. त्यात गोव्यासारख्या राज्यांत केंद्राचा वाटा १.५० लाख आणि राज्याचा किमान १ लाख. घराचे चटई क्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर. पैसे पाया, भिंती, छत अशा टप्प्यांनी येतात आणि प्रत्येक टप्प्याचा जिओटॅग केलेला, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, फोटो लागतो. अर्ज पालिकेमार्फत जातो. राज्यात हे काम जीसुडा, म्हणजे गोवा राज्य नगर विकास संस्था, बघते. इथेही गाडी जमिनीवरच थांबते: उताऱ्यावर दहा नावे असतील तर दहा जणांची ना हरकत लागते, आणि त्यातले तिघे लंडनला असतात.

गावात असाल तर प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, सपाट भागात १.२० लाखांची मदत, निवड सर्वेक्षण आणि ग्रामसभेतून. अनुसूचित जमातीच्या कुटुंबांनी, म्हणजे २००३ साली यादीत आलेल्या गावडा, कुणबी, वेळीप समाजांनी, आदिवासी कल्याण खात्याकडे अटल आसरा योजनेची चौकशी जरूर करावी. नवे घर बांधायला आणि जुन्याची दुरुस्ती करायला ती मदत आहे. पण एका योजनेचा लाभ घेतला की २० वर्षांची ती अट लागते, हे विसरू नका. दुरुस्तीचे छोटे पैसे घेण्याआधी पुढे मोठे घर घ्यायचे आहे का, याचा विचार घरात बसून करा.

पुतणीची फाइल गेल्या महिन्यात बँकेत गेली. स्वयंघोषणेचे पान तिने स्वतः हाताने लिहिले. डिचोलीच्या घराबद्दल पाच ओळी: सर्व्हे क्रमांक, आजोबांचे नाव उताऱ्यावर आहे तसे, वडिलांच्या मृत्यूची तारीख, आई आणि भाऊ तिथे राहतात, वाटणी झालेली नाही. मी फक्त सर्व्हे क्रमांकातला एक आकडा दुरुस्त केला. शाखेतल्या मुलीने ते पान दोनदा वाचले, वकिलाच्या मताची प्रत मागून घेतली आणि पोचपावतीवर शिक्का मारला. हक्कसोडीचा मसुदा अजून त्याच पिशवीत आहे, सही न केलेला.